परशुरामाचा बाण आणि खारेपाटाचा बांध

पेण सोडून वडखळकडे निघालं की डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात आणि महामार्गावरून जाणाऱ्यांची डोलवीशी ओळख तेवढ्यावरच संपते. धुराड्यांकडे पाठ करून खाडीच्या अंगाला उतरायची गरज कुणाला पडत नाही. मला पडली ती एका बांधासाठी. मातीचा, खाडीच्या बाजूने दगड लावलेला, माथ्यावर एका माणसाला चालता येईल एवढ्या पायवाटेचा बांध. या भागात, म्हणजे खारेपाटात, त्याला बाहेरकाठा म्हणतात.

उधाणाच्या भरतीला या बांधावर उभं राहावं. एका हाताला धरमतरची खाडी, म्हणजे अंबा नदीचं समुद्राला मिळायला निघालेलं रुंद तोंड. दुसऱ्या हाताला भाताचं शेत. आणि पाणी शेतापेक्षा उंच! समुद्र वर आणि जमीन खाली, मध्ये फक्त चिखलाचा एक वरंबा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरपर्यंत जातो, आणि खाडीतून तो थेट इथपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणजे दिवसातून दोनदा समुद्र या शेतावर हक्क सांगायला येतो आणि दोनदा परत जातो.

समुद्राला मागे सारून मिळवलेली जमीन. हे शब्द कोकणात उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बांध येत नाही, बाण येतो. सगळी पृथ्वी दान करून बसलेल्या परशुरामाने सह्याद्रीच्या माथ्यावरून बाण सोडला, समुद्र तिथवर हटला आणि कोकण वर आलं. शाळेत ऐकलेली, कॅलेंडरावर पाहिलेली गोष्ट. तिला पुरावा काय, हा प्रश्न मात्र आपण फार ढोबळ विचारतो. कुणी म्हणतं सगळी भाकडकथा, कुणी म्हणतं विज्ञानाने सिद्ध झालं. दोघांनाही जमिनीत खणून पाहायचं नसतं.

आधी गोष्टच खणून पाहू, कारण तिलाही थर आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खर्चून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. त्यातल्या शांतिपर्वात ही कथा येते, पण तिथे बाणच नाही. कश्यपाने पृथ्वी दान घेतली आणि दात्यालाच सांगितलं, आता माझ्या राज्यात राहू नकोस, दक्षिण समुद्राच्या काठी जा. तेव्हा समुद्राने आपणहून परशुरामाला जागा करून दिली, ती शूर्पारक देशाची. शूर्पारक म्हणजे आपलं सोपारा. तेव्हा सर्वांत जुन्या कथेत ना सगळं कोकण आहे, ना नेमबाजी. एका बंदराभोवतालची भूमी आहे आणि समजूतदार समुद्र आहे.

पुढे कालिदासाच्या रघुवंशात, रघूच्या दिग्विजयाच्या वर्णनात, परशुरामाच्या अस्त्राने समुद्र हटवल्याचा उल्लेख येतो. म्हणजे तोवर अस्त्र आलं होतं. स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडात कोकणातल्या वस्त्यांच्या, ब्राह्मणशाखांच्या कथा या जमिनीला चिकटल्या. गोव्याच्या गेर्सन द कुन्हा यांनी १८७७ मध्ये हे खंड छापून काढलं आणि त्यावरून भांडणं सुरू झाली ती आजतागायत चालू आहेत. तिकडे केरळात हीच कथा सांगतात, पण तिथे परशुराम बाण मारत नाही, परशू फेकतो. किनारा जसा लांबत गेला तशी हत्यारंही बदलत गेली.

मग या गोष्टीचा सर्वांत जुना, दगडात कोरलेला माग कुठे लागतो? नाशिकच्या पांडवलेण्यांत. दहाव्या लेण्यात नहपान या शक क्षत्रपाचा जावई उषवदात याने आपल्या दानधर्माची यादी कोरून ठेवली आहे. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाची सुरुवात. यादी वाचताना दम लागतो. तीन लाख गाई, सोळा गावं, धर्मशाळा, विहिरी. डहाणू, दमण, तापी वगैरे नद्यांवर फुकट तरींची सोय, म्हणजे उतारूने नावेत बसावं आणि पैसे न देता पलीकडे उतरावं. त्याच यादीत चरक नावाच्या परिव्राजकांच्या संघांना नारळाची बत्तीस हजार झाडं दिल्याची नोंद आहे, आणि हे चरक जिथे राहत त्या ठिकाणांत एक नाव आहे शूर्पारकातल्या रामतीर्थाचं. हा राम दशरथाचा नव्हे. महाभारताच्या वनपर्वात पांडव तीर्थयात्रा करत शूर्पारकाला येतात, आणि तिथलं रामतीर्थ जामदग्न्याचं, म्हणजे परशुरामाचं, असल्याचं तोच ग्रंथ सांगतो. दोन्ही एकत्र वाचलं की एवढं नक्की म्हणता येतं: एकोणीसशे वर्षांपूर्वी सोपाऱ्याला परशुरामाचं तीर्थ होतं, ते एवढं नावाजलेलं होतं की शक सत्ताधीशालाही तिथे दान करण्यात पुण्य वाटत होतं.

पुरातत्त्व गोष्टीचं वय असं सांगू शकतं. गोष्ट घडली का, हे सांगायची वेळ आली की त्याची फार तारांबळ होते. १९२९ साली लिओनार्ड वूली इराकमध्ये ऊर या प्राचीन शहराच्या ढिगाऱ्यात खोल खड्डा घेत होते. खापरं, राख, पुन्हा खापरं असं चालू असताना एकदम शुद्ध गाळ लागला. ना खापर, ना कोळसा. सुमारे तीन मीटर नुसता गाळ, आणि त्याखाली परत माणसाच्या वस्तीच्या खुणा. वूलींनी पत्नी कॅथरीनला विचारलं, हे काय असावं. ती सहज म्हणाली, हा तर प्रलयच. बायबलमधला प्रलय सापडल्याची बातमी जगभर गेली. पुढे इराकच्या इतर प्राचीन शहरांतही गाळाचे थर निघाले, पण ते वेगवेगळ्या शतकांतले. युफ्रेटिस-टायग्रिसच्या काठी राहायचं म्हणजे पूर आलेच. एक मोठा प्रलय नव्हे, अनेक पूर, आणि त्या सगळ्यांच्या धसक्यातून घडलेली एक कथा.

आपल्याकडे द्वारकेचं असंच झालं. १९८० च्या दशकात एस. आर. राव यांच्या पथकाने गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे द्वारका आणि बेट द्वारकेच्या पाण्यात बुड्या मारल्या. दगडी बांधकाम निघालं, भोकं पाडलेले दगडी नांगर ढिगाने निघाले. ही कृष्णाची बुडालेली नगरी, असं राव यांचं ठाम मत. नंतरच्या अभ्यासकांनी त्यातले बरेच नांगर आणि भिंती ऐतिहासिक काळातल्या ठरवल्या. वाद मिटलेला नाही. पण तिथे एक गजबजलेलं बंदर शतकानुशतकं नांदत होतं याबद्दल कुणाचं दुमत नाही, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

तर परशुरामाच्या कोकणाचं काय? भूगर्भशास्त्राला विचारलं तर ते आधी उलटीच गोष्ट सांगतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायचे तेलाचे फलाट आहेत. तिथे पाण्याची खोली जेमतेम पंचाहत्तर मीटर. म्हणजे तो सगळा पट्टा तेव्हा कोरडा होता. डोलवीच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला समुद्र पाहायला मुंबई हायच्याही पलीकडे चालत जावं लागलं असतं. आणि माणसं तर होतीच. कांदिवलीच्या परिसरात के. आर. यू. टॉड या नौदलाच्या अधिकाऱ्याने गोळा केलेली अश्मयुगीन हत्यारं १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाली आहेत.

मग बर्फ वितळू लागला आणि समुद्र वर सरकत आला. कोकणाने समुद्राकडून जमीन मिळवली नाही, आधी गमावली. याचा पुरावा मुंबईकरांनी एकदा अगदी डोळ्यांनी पाहिला. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना ओहोटीच्या पातळीच्याही खाली चिखलात झाडं लागली. एक-दोन नव्हे, तीनशेच्या वर, आणि त्यातली कितीतरी मुळांसकट उभीच्या उभी. झाडं खैराची. खैर कधी खाऱ्या पाण्यात उगवत नाही. एके काळी तिथे कोरडं रान होतं, ते खाली गेलं आणि समुद्राने त्याच्यावर चिखल पांघरला.

इथे परशुरामाचा भक्त नाराज होईल, पण त्याने जरा थांबावं. पातळी चढत चढत साधारण सहा हजार वर्षांपूर्वी आजच्या आसपास येऊन टेकली आणि मग दुसरा खेळ सुरू झाला. सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्या आखूड आणि उतावळ्या. चार महिन्यांत दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तो डोंगराची माती खरवडून खाली आणतो. नदी खाडीला मिळते तिथे भरतीचं पाणी समोरून येऊन तिला अडवतं. अडवलं की गाळ खाली बसतो. त्यात तिवरं रुजतात, तिवरांच्या मुळांत आणखी गाळ अडकतो. तिवरांच्या मागे खाजण, म्हणजे खारी दलदल, खाजणाच्या मागे कधीतरी गवत. खाडी भरत जाते. माणसाच्या आयुष्यात ते दिसत नाही, पण पाच-दहा पिढ्यांत दिसतं, आणि बंदराच्या गावाला तर अगदी दुखऱ्या जागी दिसतं.

सोपाराच घ्या. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप उघडला, तेव्हा आत दगडी करंडा, तांब्याचा करंडक, बुद्धाच्या ब्राँझच्या आठ मूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले. त्यांनाच तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. सम्राटाने आपली आज्ञा कोरून लावावी एवढं मोठं बंदर. आज नालासोपाऱ्याला माणसं लोकल पकडायला धावतात, गलबताचं नाव कुणी काढत नाही. खाडी गाळाने भरली आणि समुद्र दूर गेला. ज्या गावी समुद्राने परशुरामाला जागा करून दिली असं महाभारत सांगतं, त्याच गावी समुद्र खरोखर मागे हटलेला आहे. योगायोग म्हणायचा तर म्हणा. मला तो बऱ्याच पिढ्यांच्या निरीक्षणाचा उरलेला गर वाटतो.

मध्येच एक सावधगिरी. किनाऱ्याजवळ पाण्याखाली लांबच लांब भिंत सापडली, हीच परशुरामाची मर्यादा, अशा बातम्या अधूनमधून येतात. कोकणच्या किनाऱ्याला निसर्गच दोन प्रकारच्या भिंती बांधतो. एक म्हणजे जुन्या खडकाच्या भेगेत वर आलेला आणि थिजलेला लाव्हा. भोवतालचा खडक झिजला की तो कापून लावल्यासारखा सरळ उभा राहतो, वर चौकोनी भेगा पडलेल्या, थेट रचलेल्या दगडांसारखा. दुसरी करल. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने सांधला जाऊन झालेला किनाऱ्याला समांतर पट्टा. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडे हीच करल घडून घराच्या पायात घातलेली दिसेल. तेव्हा सरळ रेघ दिसली की लगेच गवंडी शोधू नये.

गवंडी मात्र होते, आणि त्यांचा कागद आहे. कागद म्हणजे तांब्याचा पत्रा. गोव्यातल्या बांदोड्याला सापडलेला हा ताम्रपट कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्मा या राजाचा आहे. पाटलीपुत्राच्या मौर्यांशी यांचा काळाने काही मेळ नाही. हे लिपीवरून पाचव्या-सहाव्या शतकातले. याच कोकणी मौर्यांची पुरी नावाची बंदर असलेली राजधानी दुसऱ्या पुलकेशीने आरमार घेऊन जिंकल्याचं ऐहोळेचा इ.स. ६३४ चा लेख अभिमानाने सांगतो. अनिर्जितवर्म्याने हस्त्यार्य नावाच्या ब्राह्मणाला एक हल जमीन करमुक्त दिली. जमिनीचं वर्णन काय? खज्जन. आपलं खाजणच. रान तोडून, बांध घालून समुद्राचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि जमीन लागवडीखाली आणायची, अशी त्या दानामागची कल्पना लेखात स्पष्ट आहे. राबायला चार कामकरी कुटुंबंही दिली आहेत.

हे वाचलं त्या दिवशी माझ्यापुरता परशुरामाचा शोध संपला. समुद्र हटवून मिळालेली जमीन, ती ब्राह्मणाला दान, आणि तीही राजाच्या शिक्क्यानिशी: कथेतला एकेक भाग तांब्यावर कोरलेला आहे. फक्त बाणाच्या जागी बांध आहे. आणि हे काही त्या एकाच ताम्रपटापुरतं घडलेलं नाही. दीड हजार वर्षांपूर्वी खाजण या शब्दाला सरकारी दस्तऐवजात जागा होती, म्हणजे कला त्याहूनही जुनी. ताम्रपटात दान घेणाऱ्याचं नाव आहे, देणाऱ्याचं आहे. चार कुटुंबांपैकी एकाचंही नाही. कथेतही नाही.

ती नसलेली नावं शोधायची तर परत खारेपाटात यावं लागतं. पेण-अलिबागचा हा पट्टा आगरी समाजाच्या हातांनी उभा राहिला. आगर म्हणजे मिठाचं किंवा खाऱ्या जमिनीचं वाफ्यावाफ्याचं रान, त्यावरून आगरी. बांध घालायचा तो ओहोटीच्या काही तासांत. खाजणातला निळसर काळा चिकण चिखल कापून माणसांच्या साखळीने हातोहात पुढे द्यायचा, थापायचा, पाणी यायच्या आत उंची गाठायची. जुन्या महसुली व्यवहारात अशा जमिनींना शिलोत्री म्हणत, आणि १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये तिचं वर्णन आहे. एका बांधाआडच्या सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून जोळ. ज्याचं शेत त्या आवारात, त्याने बांधाच्या डागडुजीला हात किंवा धान्य द्यायचं. बांध एकाचा नसतो, कारण खांड कुठेही पडली तरी पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं.

बांध झाला म्हणजे शेत झालं असं नाही. पहिली काही वर्षं पावसाने मीठ धुऊन जाऊ द्यायचं. मग खारं सोसणारं तांबडं भात टाकायचं. उन्हाळ्यात मातीवर पांढरी खार फुटते ती आजही दिसते. पाऊस येऊन ती आधी जिरली पाहिजे, तोवर पेरणीची घाई करायची नाही. कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलला खार जमिनींसाठी वेगळं संशोधन केंद्र आहे आणि पनवेल-१, पनवेल-२ अशा खारं सोसणाऱ्या भाताच्या जाती तिथूनच आल्या. शेतातल्या तळ्यात जिताडा मासा. पाहुणा आला की त्याचा मान आणि तळ्याचा मान एकदमच होतो.

आणि उघाडी. मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते ती हीच. बांधाच्या पोटातून एक मोरी आरपार जाते. खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली एक झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबतं, ती चौकटीला घट्ट बसते आणि पाणी आपणच आपली वाट बंद करून घेतं. ना पहारेकरी, ना मोटर, ना चावी. समुद्राच्या ताकदीने समुद्रालाच बाहेर ठेवायचं. पुराणकाराने ही उघाडी जवळून पाहिली असती तर परशुरामाच्या हाती धनुष्य दिलं असतं का, असं मला उगाच वाटत राहतं.

मात्र बांध घालणारा आणि जमिनीचा मालक हे एकच असतील असं नव्हे, हे ताम्रपटापासून चालत आलेलं. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची शेतं कसायचं थांबवलं. संप सहा वर्षं, १९३९ पर्यंत चालला. शेतं पडीक राहिली, माणसं जंगलातल्या लाकूडफाट्यावर जगली, आणि डॉ. आंबेडकर कुळांच्या बाजूने उभे राहिले. शेतकऱ्यांच्या इतिहासात चरीचा संप एवढा लांबलेला म्हणून गाजतो. पण तो खारेपाटात घडला, जिथे शेत मुळात कुणाच्या तरी हातांनी समुद्रातून बाहेर काढलेलं होतं, ही गोष्ट मला त्याच्या लांबीइतकीच महत्त्वाची वाटते.

स्वातंत्र्यानंतर खारजमिनींसाठी १९४८ आणि १९७९ मध्ये कायदे झाले आणि बांधांचा बराच भार सरकारकडे गेला. जोळ सैल पडला. कुळं गिरणीत, कारखान्यात, जेट्टीवर गेली. खांड पडली आणि वेळेवर बुजवली नाही की दोन-तीन पावसाळ्यांत भाताच्या खाचरात तिवरं उभी राहतात. मग ते कांदळवन म्हणून संरक्षित होतं आणि शेतकरी आपल्याच शेताच्या काठावर सातबारा घेऊन उभा. कायद्याचा हेतू चांगला, तिवरं हवीतच. पण ही जागा शेत होती की खाजण, या प्रश्नाला इथे सरळ उत्तर नाही. ती दोन्ही होती, आळीपाळीने.

त्या दिवशी बांधावर एक काका फावडं घेऊन चालत होते. बांध फिरून बघायचं काम. कशासाठी, म्हणून विचारलं.

“खेकड्याची बिलं. तिथूनच पैलं बोटभर पानी येतं. रातच्याला उधाण आहे ना.”

“परशुरामाची गोष्ट ठाऊक असेल तुम्हाला?”

“हां. तेनी बाण मारला.” त्यांनी एका भोकात चिखलाचा गोळा कोंबला आणि टाचेने दाबला. “नंतर आमच्याकडं दिलं सांभालाया.”

खाली उघाडीची झडप हलली, चौकटीवर आपटली आणि बसली. भरती सुरू झाली होती. काकांनी मागे वळून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या भोकाकडे निघाले.